जाहीरनामा वाचताना

उमेदवाराचा जाहीरनामा हाती आला की मी पेन्सिल घेऊनच बसते. आधी पाहते, हे याच्या अधिकारात तरी आहे का? स्थानिक निवडणुकीतला उमेदवार आयकर कमी करायचं बोलू लागला की ते पान मी सरळ उलटते.

मग पैसा. यावेळी ‘नवं रुग्णालय’ या ओळीपाशी मी बराच वेळ अडकले. इमारतीचा खर्च एकदाचा. डॉक्टर, परिचारिका, औषधं यांचा दरवर्षीचा. त्याबद्दल अवाक्षर नाही! दुसऱ्या उमेदवाराने मात्र आहे त्याच दवाखान्यातली रिक्त पदं भरू म्हटलंय, शिवाय त्यासाठी कुठला खर्च कापणार तेही लिहिलंय. निवडणुकीच्या तोंडावर असं लिहायला धाडस लागतं, कारण कात्री लागणारे लोकही मतदारच असतात. त्याची शिक्षणाबद्दलची भूमिका मला अजिबात पटत नाही. तरीही मत त्यालाच देणार.