तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेक्स, एम्बी की जेलीफिन?

"हार्ड डिस्कवर सिनेमे, मालिका, घरचे व्हिडिओ साठलेत. ते टीव्हीवर आणि मोबाइलवर नीट बघता यावेत म्हणून कुठला मीडिया सर्व्हर टाकू?" हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मीडिया सर्व्हर म्हणजे एका मशिनवरच्या फाइली घरातल्या टीव्ही-मोबाइलवर पोचवणारा प्रोग्राम; प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन हे असे तीन. माझं उत्तर जेलीफिन. पण सर्व्हर निवडण्याआधी ज्या टीव्हीवर बघणार आहात तो नीट तपासा, कारण बहुतेक अडचणींचं मूळ तिथे असतं.

तिघांतला फरक थोडक्यात सांगतो. प्लेक्स दिसायला देखणं आहे आणि जवळपास प्रत्येक टीव्हीवर त्याचं अ‍ॅप मिळतं. पण खातं त्यांच्याकडे काढावं लागतं, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी (टीव्हीला न कळणारा व्हिडिओ ग्राफिक्स चिपकडून दुसऱ्या प्रकारात बदलून घेण्यासाठी) पैसे मोजावे लागतात, आणि एप्रिल २०२५ पासून आपल्याच फाइली घराबाहेरून बघायच्या तरी पैसे भरावे लागतात. एम्बीतही हार्डवेअर ट्रान्सकोडिंग पैसे भरल्यावरच मिळतं. एम्बीने २०१८ मध्ये आपला कोड बंद केला तेव्हा त्याच्या खुल्या कोडमधून जेलीफिन वेगळं निघालं. ते पूर्ण मोफत आहे. खाती तुमच्याच मशिनवर राहतात आणि इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात सिनेमा सुरू राहतो. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या घरात राहणाऱ्या, सेटिंगला हात न लावणाऱ्या माणसांना दाखवायचं असेल, तर मात्र प्लेक्सचे पैसे वाया जात नाहीत. आणि घरात टीव्ही एकच असेल, तर सर्व्हरची गरजच नाही, कोडी हा साधा प्लेयर पुरतो.

आता मुख्य मुद्दा, ट्रान्सकोडिंग. फाइल टीव्हीपर्यंत तीन प्रकारे जाते. टीव्हीला सगळंच समजत असेल तर ती जशीच्या तशी जाते आणि सर्व्हरला जवळपास काहीच काम पडत नाही. चित्र आणि आवाज चालतो पण एमकेव्हीचं वेष्टन (चित्र-आवाज एकत्र ठेवणारा फाइलीचा प्रकार) चालत नाही, तेव्हा सर्व्हर फक्त वेष्टन बदलतो, तेही हलकं काम. चित्राचा कोडेकच (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) टीव्हीला कळत नसेल, तर प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा बांधावी लागते. एचईव्हीसी या कोडेकच्या फोरके फाइलवर हे काम नुसत्या प्रोसेसरवर टाकलं की साधं मशिन धापा टाकतं आणि चित्र दर काही सेकंदांनी अडकतं.

यात सगळ्यात जास्त फसवतात ती सबटायटल्स. ब्लू-रेवरून काढलेल्या फाइलीत ती बहुधा पीजीएस प्रकारची, म्हणजे अक्षरांची चित्रं असतात. टीव्हीच्या अ‍ॅपला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती चित्रावर छापून पाठवतो, आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बांधावा लागतो. सबटायटल बंद केल्यावर सिनेमा सुरळीत चालतो, लावल्यावर अडकतो, असं झालं तर कारण हेच. सिनेमाशेजारी त्याच नावाची एसआरटी, म्हणजे साध्या मजकुरातली सबटायटल फाइल ठेवा आणि ती निवडा. मराठी सबटायटल असेल तर एसआरटी यूटीएफ-८ या देवनागरी सांभाळणाऱ्या एन्कोडिंगमध्येच जतन करा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये पर्यायी फाँटचं फोल्डर देता येतं, तिथे नोटो सान्स देवनागरी ठेवा.

मशिन निवडताना इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारं-बांधणारं हार्डवेअर, बघा. सातव्या पिढीपासून पुढे १०-बिट एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडतं. एव्ही१ या नव्या कोडेकच्या फाइली असतील तर अकरावी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर घ्या. एन१०० हा ६ वॅटचा छोटा प्रोसेसर घरापुरता उत्तम आहे. रास्पबेरी पाय ५ मात्र या कामासाठी घेऊ नका, त्यात व्हिडिओ बांधणारं हार्डवेअरच नाही. फाइली जशाच्या तशा पाठवायच्या असतील तेवढ्यापुरता तो चालेल.

डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) जेलीफिन टाकलंत तर डीआरआय हे ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरला द्यायला आणि जेलीफिन ज्या युजरवर चालतं त्याला ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या रेंडर गटात घालायला विसरू नका. मग डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, त्यात ट्रान्सकोडिंग, तिथे क्विक सिंक निवडा. खाली कोडेकची यादी येते. सरसकट सगळ्यांवर खूण करू नका. चिपला एव्ही१ येत नसताना एव्ही१वर खूण केली, तर त्या फाइली सुरूच होत नाहीत. एचडीआर (जास्त उजेड आणि रंग असलेल्या) सिनेमाचे रंग साध्या टीव्हीवर धुतल्यासारखे फिके दिसत असतील, तर त्याच पानावर टोन मॅपिंग, म्हणजे ते रंग साध्या पडद्याजोगे करणं, सुरू करा.

झालं की खात्री करून घ्या. एक सिनेमा लावा, अ‍ॅपमध्ये दर्जा ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) आणा आणि डॅशबोर्ड उघडा. चालू असलेल्या सिनेमाच्या चौकटीत ट्रान्सकोडिंग का होतंय त्याचं कारण लिहिलेलं असतं. प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडला असेल तर हार्डवेअर कामाला लागलेलं नाही. दर्जा पुन्हा वर न्यायला विसरू नका. कारण नसताना ट्रान्सकोडिंग होत राहतं, त्यामागे बऱ्याचदा अ‍ॅपमध्ये राहून गेलेली ही मर्यादाच असते.

नेटवर्कमध्येही एक खाच आहे. फोरके ब्लू-रेवरून पुन्हा न दाबता जशीच्या तशी काढलेली फाइल सरासरी ५० ते ८० एमबीपीएसने वाहते आणि मधूनच शंभराच्या वर जाते. अनेक महागड्या टीव्हींचं नेटवर्क केबलचं पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचंच असतं. म्हणून केबल लावून अडकणारा सिनेमा ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर सुरळीत चालतो. जागेचा हिशोबही यातूनच करा: ८० एमबीपीएसने दोन तासांचा सिनेमा ७२ जीबी होतो, ८ एमबीपीएसने ७.२ जीबी.

फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. प्रत्येक सिनेमाला वेगळं फोल्डर, त्यावर नाव आणि कंसात वर्ष. मालिकेत सीझनचं फोल्डर, आणि फाइलच्या नावात एस व ई ही इंग्रजी अक्षरं, प्रत्येकापुढे दोन आकडे, जसं S01E02. वर्ष नसलं की त्याच नावाच्या दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर येऊन बसतं. फाइली नेटवर्क ड्राइव्हवर असतील तर नवी फाइल आपोआप दिसेलच असं नाही, म्हणून रोजचं स्कॅन वेळ ठरवून लावा.

घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरवर जेलीफिनचं ८०९६ पोर्ट उघडू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारे व्हीपीएन) वापरा. तुमची इंटरनेट कंपनी अनेक घरांना एकच आयपी देत असेल तर तसंही पोर्ट उघडून काही साधत नाही, टेलस्केल मात्र तिथेही चालतं.

जेलीफिनचं कॉन्फिग (सेटिंग आणि डेटाबेसचं) फोल्डर सर्व्हरच्या आतल्या एसएसडीवरच असू द्या. त्याचा डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, नेटवर्क ड्राइव्हवर लॉकिंग नीट न झाल्यामुळे तो बिघडू शकतो. मोठं अपडेट घेण्याआधी सर्व्हर बंद करून हे फोल्डर कॉपी करा. डेटाबेस एकदा नव्या रचनेत गेला की जुनी आवृत्ती तो उघडू शकत नाही, आणि मागे यायचं झालं तर हीच कॉपी लागते.