एकाच आईची छत्तीस पिल्लं

२०१६ साली माकडताप सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आला तेव्हा मी दहावीत होतो. गोचीड चावून पसरणारा हा विषाणूचा ताप, यात माकडंही मरतात. काजूच्या बागेत जाण्याआधी आई आम्हाला हातापायांना तेल चोळायला लावायची, गोचीड चिकटू नये म्हणून. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी तोच गोचीड घेतला, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा.

हा ताप पहिल्यांदा सापडला १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात. गोचीड स्वतः फार लांब चालत नाही. त्याची जनुकं गुरांच्या, उंदरांच्या, पाखरांच्या अंगावर बसून प्रवास करतात. दोन गावांतल्या गोचिडांत अशी सरमिसळ होत असेल, तर मेलेल्या माकडाभोवती फवारणी करून भागणार नाही. मला हेच तपासायचं होतं.

नोव्हेंबरात गमबूट घालून फ्लॅनेलचं पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढलं. एका झुडपापाशी छत्तीस लार्वा, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं, चिकटून आले. हरखून सगळे अल्कोहोलच्या कुप्यांत भरले, डीएनए काढला, मायटोकाँड्रियातल्या १६एस जनुकाचा तुकडा सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं वाचून घ्यायला, पाठवला. छत्तीसच्या छत्तीस अक्षरन् अक्षर सारखे! मला वाटलं, या गावचे गोचीड बाकीच्यांपासून पार तुटलेले आहेत.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "किती ठिकाणचे हे?"

मादी हजारो अंडी एकाच जागी घालते, आणि पिल्लं तिथेच घोळक्याने बसून राहतात. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मिळतो. मी एक घर मोजलं होतं आणि त्याला गाव म्हणत होतो. अशा भावंडांमुळे दोन गावांतला फरक आहे त्याहून मोठा दिसतो. सिक्वेन्सिंगचे पैसे गेले, त्याहून जास्त वाईट वाटलं ते मला हे आधी सुचलं नाही याचं.

जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी निम्फ, म्हणजे लार्वाच्या पुढच्या अवस्थेतले गोचीड, घेतले. ते लार्वा असताना एकदा कुणाचं तरी रक्त पिऊन कुठेतरी गळून पडलेले असतात, म्हणून पांगलेले मिळतात. एका जागेवरून एकच घ्यायचा, असं ठरवलं. त्यांचं कवच चिवट. पहिल्या पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढताना, पट्टीच उमटली नाही; डीएनए नीट निघालाच नव्हता. मग प्रत्येकाचे ब्लेडने तुकडे करून रात्रभर प्रोटीनेज-के या प्रथिनं विरघळवणाऱ्या विकरात ठेवले, तेव्हा जमलं.

दोन गावांत एक सिक्वेन्स सारखा निघाला. मी उड्या मारणार, तोच मॅडम म्हणाल्या, "ही कालची ये-जा आहे, की जुनी पणजी एक होती?" नुसत्या आईकडच्या डीएनएवरून ते सांगता येत नाही. म्हणून आता आई-बाप दोघांकडून येणारे मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, तपासायला घेतलेत. ते पीसीआरमध्ये पकडायला लागणाऱ्या सहा प्रायमरपैकी दोन चालतात. बाकीच्या चारांसाठी पीसीआरचं तापमान बदलून बघतोय.