लाँच मिळाली तर जवळ

मंडळी, इथे ब्रिस्बेनला माझं काम नकाशांचं. कुठल्या वस्तीपासून तातडीचे उपचार किती लांब, ते मोजायचं. ऑस्ट्रेलियात सगळा देश ‘मोठी शहरं’ ते ‘अतिदुर्गम’ अशा पाच गटांत विभागलाय, आणि गट ठरतो तो मुख्यतः रस्त्याच्या अंतरावरून. आतल्या भागात रस्ते सरळसोट, त्यामुळे किलोमीटरवर भागतं. फारच लांब असेल तर विमान येतं. फ्लाइंग डॉक्टरांचं पहिलं विमान १९२८ साली याच राज्यातल्या क्लाँकरीहून उडालं.

सुट्टीत हाच हिशोब साताऱ्याला लावून बघितला. माण-खटाव पटकन उरकलं. गाडी अडली ती कोयनेकाठी, कांदाटी खोऱ्यात. संगणकाला शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ही भिंतच; तो पेशंटला वळसा घालून घाटाघाटानं फिरवतो. आमची आत्या तिकडेच राहते. दवाखाना किती लांब विचारलं तर म्हणते, “लाँच घावली तर जवळच हाय की.”

मग किलोमीटर सोडले आणि मिनिटं धरली. जगभर आता असंच करतात: नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला तो ओलांडायचा वेळ द्यायचा. २०२० मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे गाडी मिळाली तरी सुमारे ९ टक्के लोकांना तासाभरात दवाखाना गाठता येत नाही. पायीच जायचं तर ४३ टक्क्यांना.

पाण्यालाही वेग दिला. तरी उत्तर पटेना. वाडीपासून धक्क्यापर्यंत माणूस झोळीतून आणायचा, ती मिनिटं कुठे? रेंज नाही म्हणून १०८ला फोन लावायला कुणीतरी टेकाडावर चढणार. लाँचवाल्याला उठवायचं. बामणोलीला उतरल्यावर गाडी आलेली असेल तर ठीक, नाहीतर ती साताऱ्याहून कास चढून येईपर्यंत बसा. नकाशेवाले बहुतेक फक्त जाण्याचा वेळ धरतात, गाडी येण्याचा नाही. मला तर ही सोयीस्कर विसरच वाटते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.

आता दोन नकाशे करतोय, दिवसाचा आणि रात्रीचा. पावसाळ्याचा तिसरा लागेलच. खोऱ्यातलं कुणी वाचत असेल तर एवढं कळवा: शेवटची लाँच किती वाजता सुटते, आणि तुमच्या वाडीत रेंज नेमकी कुठे उभं राहिल्यावर येते?