आमची वाटचाल : आधी पाणी, मग मासा

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही ‘काच व फोटो फ्रेम’ एवढंच लिहिलंय. मासे पाटीवर कधी चढलेच नाहीत. दादांनी, म्हणजे वडिलांनी, १९८८ साली सोलापुरात काचकाम सुरू केलं. खिडक्यांची तावदानं, दुकानांची काउंटरं, लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी. फिश टँक आमच्याकडे यायचे ते गळायला लागल्यावर. तेव्हा टँक म्हणजे लोखंडी अँगलची फ्रेम आणि आत पुट्टीनं बसवलेली काच. पुट्टी वाळली की भेगा पडायच्या, अँगल गंजायचा, आणि मालक टँक रिक्षात घालून दादांकडे हजर.

सिलिकॉन मिळायला लागलं तशी फ्रेम गेली आणि टँक बनवणं आमच्या गल्ल्यात शिरलं. काच कापायची, कडा घासायच्या, सिलिकॉन भरून दोन दिवस सुकू द्यायचं, मग काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवायचं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५७ लिटर पाणी मावतं. नुसत्या पाण्याचंच वजन ५७ किलो, वर काच आणि खडे. टँक टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवू म्हणणाऱ्याला दादा आधी हा हिशेब ऐकवायचे, मगच पैसे घ्यायचे.

मासे मी आणले, २००३ मध्ये. सुरुवातीला कुर्ल्याच्या होलसेल बाजारातून, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर, बाहेरून थर्माकोलचा डबा. पाठवणारा मासे आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतो, नाहीतर वाटेतच पिशवीतलं पाणी त्यांच्या घाणीनं नासतं. पुढं चेन्नईच्या कोळत्तूरचा माल यायला लागला. त्या भागात घरोघरी रंगीत मासे पैदा करतात, आणि चेन्नई-मुंबई गाडीच्या वाटेवरच सोलापूर.

दुकानात येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांना गोल्डफिशच हवा असतो, आणि घरी नेऊन सगळ्यात जास्त मरतो तोही गोल्डफिशच. नाजूक आहे म्हणून मरतो, असा समज आहे. खरं तर मासळी बाजारातल्या कटला-रोहूचा हा भाऊबंद, त्याच कार्प कुळातला. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी माणसानं त्याला पाळायला सुरुवात केली. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये एक ४३ वर्षं जगून १९९९ साली मेला, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. वीतभर वाढणारा हा मासा आपण लाडू ठेवायच्या बरणीएवढ्या गोल भांड्यात घालतो. रोम शहरानं असली गोल भांडी २००५ मध्ये कायद्यानं बंद केली. आमच्याकडे ती मुळातच ठेवलेली नाहीत. काचवाल्याच्या मुलाला काय कमी होतं, पण नाही ठेवली.

आमच्या धंद्याची खरी गोष्ट मात्र एका नियमाची आहे : टँक नेला त्या दिवशी मासा मिळणार नाही. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. नव्या टँकमध्ये तो पचवायला कोणी नसतं. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, जे तितकंच घातक, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून बिनमाशाच्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते सडून निघणाऱ्या अमोनियावर जिवाणू पोसतात. आम्ही आमच्या चालू फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा फुकट देतो, त्यानं वेळ बराच वाचतो. मग गिऱ्हाइकानं बाटलीतून पाणी आणायचं. अमोनिया तपासायचं औषध टाकल्यावर पिवळं राहिलं तर मासा घ्या, हिरवं झालं तर पुढच्या आठवड्यात या. ही तपासणी माझी बायको करते, आणि तिच्याशी कोणी हुज्जत घालत नाही.

माझ्याशी घालतात. “अण्णा, पोराचा आज वाढदिवस आहे, आणि तुम्ही महिनाभर नुसतं पाणी बघायला सांगताय?” असं म्हणून रागानं निघून गेलेले पुष्कळ. बाजारात दुसरी दुकानं आहेत. पण त्यातले काही जण दोन महिन्यांनी रिकामा टँक घेऊन आमच्याकडे येतात.

सोलापूरचं पाणी हा स्वतंत्र विषय. इथं नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतो. घरात ड्रम, पिंप, बादल्या भरलेल्या. एरवी शिव्या खाणारं हे साठवणीचं पाणी माशाला मानवतं, कारण उघड्या ड्रममध्ये एक-दोन दिवसांत क्लोरीन उडून जातं. नळ आल्याच्या आनंदात लोक पाइप थेट टँकमध्ये सोडतात, तेव्हा कल्ले भाजून मासा वर येऊन तोंड उघडायला लागतो. अगदीच घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, म्हणजे दोन फुटी टँकला एक बादली. फिल्टरचा स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात. नळाखाली धुतला की महिनाभर वाढवलेले जिवाणू मोरीत जातात. “आम्हाला प्यायला नाही आणि माशाला बादली?” असं सासूबाई विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, तुळस, मोगरा दोन्ही खूश होतात, असं सांगितल्यावर निम्म्या सासूबाई वळतात.

दुसरा वैरी उन्हाळा. गोल्डफिश थंड पाण्याचा, १८ ते २३ अंशांत सुखी. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ला टेकतं तेव्हा टँकमधलं पाणीही तिशीच्या पुढं जातं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. झाकण काढा, वर जाळी टाका, छोटा पंखा पाण्यावर फिरवा, टँकचा दिवा बंद ठेवा, हवेचा पंप दिवसरात्र चालू. बर्फ थेट टाकू नका, एका झटक्यात पाणी थंड झालेलं त्याला सोसत नाही. लोडशेडिंगच्या काळात आम्ही माशांपेक्षा बॅटरीवरचे पंप जास्त विकले. तेवढी दोन-तीन वर्षं दुकान महावितरणनंच चालवलं म्हणा.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. या माशाला जठरच नसतं, म्हणून थोडं थोडं, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोळ्या आधी पाण्यात भिजवा. ओरांडा, र्‍युकिन या गोल्डफिशच्याच गोल पोटाच्या जाती, त्या हवा गिळून उलट्या व्हायला लागल्या तर एक दिवस उपास, मग उकडलेला सोललेला मटार. चुरमुरे आणि चपातीचे तुकडे आजोबांच्या हातून काढून घेणं मात्र अजून कुणाला जमलेलं नाही. मासा काचेजवळ येऊन तोंड हलवतो तो भूक लागली म्हणून नव्हे, तर आजोबांना ओळखतो म्हणून.

मध्यंतरी फेंगशुईची लाट आली. आठ केशरी आणि एक काळा, असे नऊ मासे हवेत, तेही दोन फुटी टँकमध्ये. एवढ्या जागेत आम्ही एक, फार तर दोन ओरांडा देतो. कॉमेट आणि शुबंकिन हेही गोल्डफिशच, पण लांब पोहणारे, त्यांना तीन फुटांच्या खाली देत नाही. त्यातच एक समजूत : मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. धंद्याला याहून सोयीचं काही नाही. माल मेला तरी गिऱ्हाईक समाधानी, आणि पुढचा घ्यायला उभं. आम्ही सरळ सांगतो, संकट-बिंकट काही नाही, अमोनिया होता.

उत्पन्नाचं म्हणाल तर निम्मं अजून काचेतूनच येतं. उरलेल्यात मासे थोडे, टँक जास्त, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे महिन्याच्या देखभालीचं काम : दवाखाने, चाटी गल्लीतली कापडाची दुकानं, एक-दोन हॉटेलं. २०२०च्या टाळेबंदीत घरी बसलेल्यांनी टँक भरपूर नेले, आणि कचेऱ्या सुरू झाल्यावर त्यातले बरेच मासे नकोसे झाले. काहींनी पुण्य म्हणून ते सिद्धेश्वर तलावात सोडायचा बेत केला. हा परका मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, तिथल्या माशांची अंडीही खातो. म्हणून मागच्या खोलीत सहा फुटांचा टँक बांधलाय. नको झालेला गोल्डफिश तिथं आणून द्या, पैसे मिळणार नाहीत. ज्याच्याकडे तीन फुटी चालू टँक आहे आणि बायकोच्या बाटलीत पाणी पिवळं निघालंय, त्याला त्यातला एक फुकट. नळ येतो त्या दिवशी दुकान अकराला उघडतं.