कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

ती फिट्सची वही दिसली की अजूनही माझं डोकं सणकतं.

मला अपस्मार आहे. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर आजार औषधांना दाद देत नाही असं धरतात. साधारण तिघांतल्या एकाचं असं होतं. माझं तिसरं औषध चालू असताना एका नव्या गोळीच्या चाचणीबद्दल कळलं. रक्त, ईसीजी, जुने एमआरआय-ईईजी सगळं एका सकाळीत आटोपलं.

मग ही वही. नवी गोळी सुरू होण्याआधी 8 आठवडे नुसत्या फिट्स मोजायच्या. पुढे गोळीचा गुण याच आकड्याशी ताडून पाहतात. फिट्स निम्म्या किंवा त्याहून कमी झाल्या की गुण आला असं बहुतेक चाचण्यांत मानतात. मी इमानदारीत नोंदी केल्या. फिट आली की तारीख, वेळ, प्रकार. नाही आली तर रकाना कोरा. लिहायचं तरी काय?

8 आठवड्यांनी वही दिली. नर्सबाईंनी पानं उलटली आणि विचारलं, "हे कोरे दिवस कसले?"

"फिट आली नाही."

"कशावरून? तुम्ही लिहायला विसरला असाल. कोरा रकाना म्हणजे आमच्यासाठी 'माहीत नाही'. शून्य लिहायला हवं होतं."

हे आधी कोणी सांगायचं? सूचनांच्या कागदावर होतं म्हणे, बारीक अक्षरात. पुन्हा पहिल्यापासून 8 आठवडे! मी तिथेच आवाज चढवला, त्याची आता थोडी लाज वाटते, पण थोडीच.

घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं की बाईंचा संशय खरा होता. माझ्या काही फिट्समध्ये भान हरपतं, मग मी काय मोजणार? ताईने सांगितलं, "परवा जेवताना मिनिटभर नुसता बघत बसला होतास." वहीत नव्हतं ते. तेव्हापासून रोज रात्री गजर वाजला की ताईला विचारायचं आणि मगच आकडा लिहायचा. जमेल तेव्हा ती मोबाइलवर चित्रणही करते. प्रकार ठरवायला डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. चुकलेली गोळी, तातडीचं औषध, तेही लिहा. आणि जुनी औषधं मनाने कमीजास्त करू नका, आकडे बिघडतात आणि जिवावरही बेतू शकतं.

हो, राहिलंच: संमतीपत्र घरी नेऊन वाचा. कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या आठवड्यात मी ते वाक्य तीनदा वाचलं होतं.

आता गोळी सुरू आहे. औषध आहे की नुसती दिसायला तशी, हे मलाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. काल रात्री ताई म्हणाली, "आज काही नाही." मी पेन दाबून शून्य काढलं, रकान्याबाहेर गेलं एवढं मोठं.