कपाळावरची राख आणि शुक्रवारचं पापलेट

राखेच्या बुधवारी, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) करून वसईहून लोकल पकडायची म्हणजे गंमतच असते. कपाळावर राखेचा क्रूस, डब्यात घामाच्या धारा, आणि शेजारचा हमखास सांगणार, "अहो, कपाळाला काहीतरी लागलंय." मग हात रुमालाकडे जातो आणि मधेच थांबतो. पुसायचं की ठेवायचं?

कारण त्याच मिस्सेत बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचलेला असतो, त्यात येशू सांगतो, उपास करताना चेहरा पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. हे ऐकायचं आणि पाठोपाठ रांगेत उभं राहून राख लावून घ्यायची, तीही आधीच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या जाळून केलेली. मला तर ही विसंगती मुद्दामच ठेवलीय असं वाटतं. पुसली तर येशूचं ऐकून पुसली की ऑफिसात लाज वाटते म्हणून? ठेवली तर श्रद्धेपोटी की बघा आम्ही कसे धार्मिक म्हणून? (राखेसकट सेल्फी स्टेटसला टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.)

"जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य" हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन धर्मशिक्षणाच्या वर्गातच पाठ झालेलं असतं, पण शुद्ध म्हटलं की आपल्या डोक्यात येतात ते घाणेरडे विचार, ते आले नाहीत की आपण पास. येशू मात्र त्याच प्रवचनात बोट ठेवतो ते दान, प्रार्थना आणि उपासावर, म्हणजे आपल्या चांगल्या कामांवरच, मन तिथेच सगळ्यात लवकर नासतं बहुतेक.

नियमांचं तसं नसतं, नियम पाळता येतात. १८ ते ५९ वयाच्यांनी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पोटभर जेवण, उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस बंद. मासे चालतात! आणि वसईत मासे चालतात म्हटल्यावर काय, मटण बंद म्हणून रव्यात घोळवलेलं पापलेट, ज्याचा भाव ऐकून मटण स्वस्त वाटावं, शिवाय बोंबील, कोलंबीचं कालवण. नियम तंतोतंत पाळला, कुणाची तक्रार नाही.

संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातल्या चौदा प्रसंगांपुढची प्रार्थना, चौदाही स्थानांपुढे गुडघे टेकायचे. त्यात एकाच वाडीतले दोन भाऊ असतात, एक या टोकाच्या बाकावर, दुसरा त्या टोकाच्या, कारण बांध हातभर सरकलाय आणि विहिरीच्या पाण्यावरून बोलणं बंद आहे. अंतःकरणाच्या शुद्धतेचं ते वचन ज्या अध्यायात आहे ना, त्याच अध्यायात थोडं पुढे लिहिलंय, अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

मटण चाळीस दिवस सोडता येतं हो. पण त्या भावाच्या ओटीवर जाऊन बसायचं, फादरांना न सांगता, आणि घरी आल्यावर "शेवटी मीच गेलो" असं बायकोलाही म्हणायचं नाही, हे जमलेला माणूस मला अजून भेटायचाय. भेटला असला तरी तो सांगणार नाहीच म्हणा.