पाणथळ जागेतले ९६ ग्रॅम

कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला मी प्राथमिक संख्याशास्त्र शिकवतो. हा विषय मुलांना गणितामुळे अवघड जातो असे सर्रास म्हटले जाते, पण माझा अनुभव तसा नाही. सरासरीचे, प्रमाण विचलनाचे सूत्र मुले आठवडाभरात आत्मसात करतात. त्यांना खरी अडचण येते ती ‘यादृच्छिक’, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडलेले, या एका शब्दाशी. फासे आणि पिशवीतले रंगीत चेंडू यांपुरता हा शब्द त्यांना पटतो, परंतु शेतात उभे राहिल्यावर ‘चांगला नमुना’ म्हणजे जाणत्या माणसाने पाहून-निवडून घेतलेला नमुना, हीच समजूत पुन्हा डोके वर काढते. ती शब्दांनी जात नाही, हे काही वर्षांच्या अनुभवाने कळल्यामुळे एका ऑक्टोबरात मी चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या एका सोयाबीनच्या शेतावर गेलो.

शेत ५८ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद, म्हणजे वीस गुंठ्यांना किंचित जास्त होते. पीक काढणीला आले होते आणि परतीच्या पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. पाच-पाच जणांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला लोखंडी सळीची एक मीटर लांबी-रुंदीची चौकट दिली. प्रत्येक गटाने दोन जागांवरचे पीक कापायचे होते. पहिली जागा त्यांनी शेतभर फिरून, एकमेकांशी चर्चा करून, संपूर्ण शेताचे प्रतिनिधित्व करील अशी स्वतःच्या नजरेने ठरवायची. दुसरी जागा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून काढायची: शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या दिशेने किती मीटर आणि रुंदीच्या दिशेने किती मीटर जायचे ते तक्ता सांगेल, आणि तो सांगेल तिथेच चौकट ठेवायची. सरकारी पीक कापणी प्रयोगातही, म्हणजे थोड्या जागेवरचे पीक कापून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीतही, जागा याच तत्त्वाने ठरते, हे त्यांना वर्गात सांगून झाले होते.

नजरेने जागा निवडण्याचे काम मुलांनी फार मनापासून केले. बांधाकडची रोपे त्यांनी टाळली, कारण तिथे झाडाची सावली होती. फार दाट जागाही टाळल्या. यादृच्छिक जागांच्या वेळी मात्र कुरबुर सुरू झाली. एका गटाचे आकडे आले ४१ आणि ६. त्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा दिसले की ती नेमकी सखल, पाणी साचणारी जागा आहे. रोपे खुरटलेली, पाने कधीच गळालेली, मधूनमधून नुसती उघडी काळी माती. शेताचे मालक शेजारीच उभे होते. ते कळकळीने म्हणाले, “सर, हितलं कशाला घेताय? हितं पाणी थांबतं. दोन पावलं वर घ्या की.” त्या गटातली एक मुलगी, जिच्या घरीही शेतीच आहे, म्हणाली, “खरंच सर, ही जागा काही शेतासारखी नाही.”

मी तत्काळ नकार दिला नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. समोर खुरटलेले रान होते, यजमान आपल्या शेताची लाज वाटल्यासारखे बोलत होते, आणि दोन मीटरने कोणाचे काय बिघडणार होते? पण ज्या क्षणी ‘ही जागा नको’ असे आपण म्हणतो, त्या क्षणी तक्ता बाजूला पडतो आणि निवड पुन्हा आपल्या नजरेकडे येते. चौकट तिथेच ठेवायला सांगितली. मुलीने मुकाट्याने विळा घेतला आणि हाताला लागली ती मोजकी रोपे कापली.

कापणी चालू असताना आणखी एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. सळीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, यासाठी नियम दिला होता: मूळ दोन ठरावीक बाजूंवर असेल तर आत, उरलेल्या दोन बाजूंवर असेल तर बाहेर. तरीही शेंगांनी लगडलेले रोप सळीवर दिसले की हात आपोआप ते आत ओढत असे, आणि मी बोट दाखवल्यावर मूल मनापासून चकित होई. त्यात लबाडी मुळीच नव्हती. सातारा जिल्ह्यातल्याच बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात नेमके हेच दाखवले होते की, कापणीचे क्षेत्र फार लहान असेल तर कडेवरची रोपे आत घेतली जाऊन उत्पन्नाचा अंदाज वाढतो. दुसरे नामवंत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान क्षेत्राकडे होता, आणि या मुद्द्यावर दोघांत मोठा मतभेद झाला. आमच्या चौकटीला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड होती. दहा मीटर बाय पाच मीटरच्या क्षेत्राला तीच कड चौरस मीटरमागे फक्त ०.६ मीटर पडते. हा हिशोब मुलांनी बांधावर बसूनच केला.

सोळा पेंढ्या चिठ्ठ्या बांधून महाविद्यालयाच्या गच्चीवर वाळत घातल्या. शुक्रवारी त्या बडवल्या, सुपाने पाखडल्या आणि दाणे वजनकाट्यावर मोजून आकडे फळ्यावर लिहिले. नजरेने निवडलेल्या चौकटींतून निघाले २३१, २१८, २४०, २०५, २२६, १७९, २१२ आणि २३५ ग्रॅम, सरासरी २१८. यादृच्छिक चौकटींतून निघाले ९६, २५१, १८८, २१४, १४३, १७०, २६२ आणि २०१ ग्रॅम, सरासरी १९१. शेतकऱ्यांची मळणी त्याच दुपारी होती आणि एकूण उत्पन्न अजून कोणालाच माहीत नव्हते. मी विचारले, “कोणत्या सरासरीवर विश्वास ठेवाल?” चाळीसपैकी तेहतीस हात पहिल्या ओळीसाठी वर झाले. कारणही त्यांनी नीट दिले: ते आकडे एकमेकांशी जुळतात, दुसरी ओळ मात्र ९६पासून २६२पर्यंत विखुरलेली आहे. प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलला तर सरासरी साधारण किती हलेल याचा अंदाज, काढली तर पहिल्या सरासरीची ७ ग्रॅम आली, दुसरीची १९. गणित त्यांच्या बाजूने बोलत असल्यासारखे दिसत होते, आणि ते तसे दिसावे अशीच माझी इच्छा होती.

तीनच्या सुमारास फोन आला. मी ध्वनिवर्धक सुरू करून फोन टेबलावर ठेवला. मालकांनी सांगितले, तीन क्विंटल एकोणसत्तर किलो. आम्ही नेलेले सव्वातीन किलो धरून एकूण ३७२ किलो झाले आणि त्याला २०३० चौरस मीटरने भागल्यावर आकडा आला १८३ ग्रॅम.

वर्ग बराच वेळ शांत होता. ज्या आठ आकड्यांचा एकमेकांशी एवढा मेळ होता, ते जवळजवळ सगळे एकाच बाजूला चुकले होते. ढोबळमानाने त्यांच्या सरासरीच्या दोन्हीकडे दोन-दोन प्रमाण त्रुटींचे अंतर सोडले तरी उत्तर २०४च्या खाली येत नव्हते. चौरस मीटरला ३५ ग्रॅमची ही चूक एकरी सुमारे १४० किलो होते. दुसऱ्या सरासरीने आपली त्रुटी मोठी असल्याचे आधीच सांगितले होते, आणि खरा आकडा तिच्या मर्यादेत सहज बसत होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा, वर्गात सहसा न बोलणारा एक मुलगा उभा राहिला. “सर, आठापैकी सात चौकटी खऱ्या सरासरीच्या वर आहेत. आपली नजर निःपक्षपाती असती तर हे आठ नाणी उडवल्यासारखं झालं असतं ना?” मी खडू त्याच्या हातात दिला. आठ नाण्यांत शून्य, एक, दोन असे आठपर्यंत छाप किती प्रकारांनी येतात, त्याची १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १ ही ओळ त्याने लिहिली, सात किंवा आठ छापांचे शेवटचे दोन आकडे मिळवून २५६ने भागले आणि ०.०३५ लिहिले. नाण्यांचे उदाहरण मी ऑगस्टमध्ये शिकवले होते आणि ते परीक्षेपुरतेच उरले असे मला वाटत होते. चौकट वर किंवा खाली पडण्याची शक्यता शेतात अगदी निम्मी-निम्मी असेलच असे नाही, ही दुरुस्ती मी सुचवली, पण तुलना त्याची स्वतःची होती आणि ती योग्य होती.

विळा घेतलेल्या त्या मुलीने दरम्यान वहीत निराळाच हिशोब मांडला होता. ९६ ग्रॅमची चौकट वगळली तर उरलेल्या सातांची सरासरी २०४ येते, म्हणजे त्या एका जागेमुळे एकरी सुमारे ५५ किलोंचा फरक पडतो. तिने विचारले, “पीक विम्यात आमच्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी ताडून बघतात, त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. कापणी करणाऱ्यांनी अशी जागा टाळली, तर ज्याचं पीक पाण्यात गेलं त्याचीच भरपाई जाते ना?” मी ‘होय’ म्हणालो. याहून जास्त काही सांगण्यासारखे माझ्याजवळ नव्हते.

फोन अजून चालू होता. तिनेच त्यात विचारले, “काका, तसलं पाणी थांबणारं रान किती आहे?” पलीकडून उत्तर आले, “असंल की अडीच गुंठं.” वीस गुंठ्यांत अडीच, म्हणजे आठात एक. आमच्या आठ चौकटींपैकी एकच तिथे पडली होती. मुले आनंदाने एकदम बोलू लागली, तेव्हा तीच म्हणाली की हे दर वेळी जुळणार नाही, आणि सातअष्टमांशाचा आठवा घात काढू लागली. उत्तर ०.३४ आले: तीनांतून एका वेळी ती जागा आमच्या नमुन्यात आलीच नसती. मग चोवीस चौकटींसाठी काढले, ते ०.०४ आले. तास संपून वीस मिनिटे झाली होती आणि चोवीस चौकटी कापायला किती माणसे आणि किती वेळ लागेल, यावर मुले फळ्यापाशी वाद घालत होती.